महात्मा गांधी : शेवटचा प्रहार आणि जगाचें उत्तर

वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यांत महात्मा गांधी १९३६ सालीं राहावयास गेले, त्याचें मूळ नांव सेगांव. आपल्या वऱ्हाडांत, बुलढाणा जिल्ह्यांत, शेगांव आहे. गजाननमहाराजांच्या समाधीमुळें तें सर्वांस ठाऊक आहे. झालें असें कीं, महात्माजींच्या नांवचें टपाल चुकून शेगांवास जाऊं लागलें, आणि अखेरीस १९४० सालीं सेगांवचें सेवाग्राम असें नामांतर करण्यांत आलें. देशोदेशींहून येणारीं पत्रें वऱ्हाडांतील एका गांवीं वाट चुकून पडावींत, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते. परंतु तिच्यावरून हेंही दिसून येतें कीं, ह्या पुरुषाचा संसार आपल्या प्रांताच्या किती निकट होता.

महात्माजींचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस शालेय पुस्तकांतून माहीत असतें. पोरबंदर येथें २ ऑक्टोबर १८६९ रोजीं जन्म, विलायतेंत बॅरिस्टरीचें शिक्षण, दक्षिण आफ्रिकेंतील लढा, चंपारण, दांडीयात्रा, १९४२ चें आंदोलन, स्वातंत्र्य. आणि मग ३० जानेवारी १९४८ ही तारीख येते व धडा संपतो. त्या तारखेनंतर जगानें काय केलें, महाराष्ट्रानें काय केलें, आणि त्यांच्या पोटच्या मुलांनीं काय केलें, हें धड्यांत सहसा नसतें. आम्ही ह्या लेखांत तेंच सांगण्याचें योजिलें आहे. परंतु त्यासाठीं आरंभीं बरेंच मागें जावें लागेल. कारण महात्माजींवर हात उगारला गेला तो कांहीं त्या एकाच सायंकाळीं नव्हे, आणि हात उगारणाऱ्याशीं कसें वागावें ह्याचा परिपाठ त्यांनीं स्वतःच पन्नास वर्षांपूर्वीं घालून ठेवला होता.

पहिला प्रसंग दक्षिण आफ्रिकेंतील दर्बान बंदराचा. १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन परतलेल्या तरुण गांधींस मुंबईस व राजकोटास वकिलींत यश येईना, म्हणून एका व्यापारी पेढीच्या दाव्याच्या कामीं ते १८९३ सालीं नाताळ वसाहतींत गेले. पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर पहिल्या वर्गाचें तिकीट जवळ असतांही केवळ वर्णामुळें त्यांस डब्यांतून खालीं उतरविण्यांत आलें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तीन वर्षांनीं ते कुटुंबास नेण्यासाठीं स्वदेशीं आले असतां तेथील हिंदी लोकांच्या हालअपेष्टांचें वर्णन त्यांनीं छापून प्रसिद्ध केलें. त्याचा विपर्यस्त सारांश तारेनें नाताळांत पोंचला आणि गोरे लोक खवळले. कुटुंबासह परत निघालेल्या गांधींचें जहाज दर्बानच्या बंदरांत तेवीस दिवस अडकवून ठेवण्यांत आलें. शेवटीं १३ जानेवारी १८९७ रोजीं ते किनाऱ्यावर उतरले, तेव्हां जमावानें त्यांस रस्त्यांत गांठलें. दगड, विटा, अंडीं, मग लाथाबुक्क्या. त्यांस भोंवळ आली व एका घराचे गज धरून ते कसेबसे उभे राहिले. इतक्यांत पोलीस सुपरिंटेंडेंट अलेक्झांडर ह्यांच्या पत्नी तेथून चालल्या होत्या. ही गोरी बाई आपली छत्री उघडून जमाव व गांधी ह्यांच्यामध्यें उभी राहिली, म्हणून त्यांचा जीव वांचला. पुढें पारशी रुस्तमजी ह्यांच्या घरीं त्यांस पोंचविण्यांत आलें. रात्रीं जमावानें त्या घरासही वेढा दिला, तेव्हां अलेक्झांडर साहेबांनीं गांधींस पोलीस शिपायाचा वेष देऊन गर्दींतूनच बाहेर काढलें.

ह्या घरांत त्या रात्रीं कस्तुरबा व त्यांचीं मुलें होतीं. त्यांतील मणिलाल हा चार वर्षांचा होता. वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें.

विलायतेहून वसाहतमंत्री चेंबरलेन ह्यांनीं हल्लेखोरांवर खटले भरावे अशी तार नाताळ सरकारास केली. गांधींनीं फिर्याद देण्याचें साफ नाकारलें. दोष त्या भडकलेल्या पोरांचा नसून खोट्या बातम्यांनीं त्यांस भडकविणाऱ्या पुढाऱ्यांचा आहे, आणि खरें काय तें कळल्यावर तीं पोरें आपणच ओशाळतील, असें त्यांचें म्हणणें होतें. ह्या वेळीं त्यांचें वय अवघें सत्तावीस वर्षांचें होतें, आणि त्यांस महात्मा असें कोणीही म्हणत नव्हतें. विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये. थोरवी अंगीं आल्यावर क्षमा करणें सोपें जातें, असें पुष्कळांस वाटतें. येथें क्षमा आधीं आली, थोरवी मागाहून.

दुसरा प्रसंग ह्याहून कठीण, कारण ह्या खेपेस मारणारा परका नव्हता. १९०८ सालीं नोंदणीच्या कायद्यासंबंधानें गांधींनीं जनरल स्मट्स ह्यांच्याशीं तडजोड केली. कित्येक हिंदी लोकांस ती फसवणूक वाटली. १० फेब्रुवारी १९०८ रोजीं जोहान्सबर्ग येथें नोंदणी-कचेरीकडे जात असतां मीर आलम नांवाच्या एका पठाणानें, जो पूर्वीं त्यांचाच अशील होता, त्यांच्या डोक्यांत काठी घातली. ते बेशुद्ध होऊन पडले व पडल्यावरही मार चालूच होता. जोसेफ डोक नांवाच्या बॅप्टिस्ट पाळकांनीं त्यांस आपल्या घरीं नेलें, स्वतःच्या मुलाची खोली दिली, व त्या सर्व कुटुंबानें त्यांची शुश्रूषा केली. शुद्धीवर येतांच गांधींनीं पहिली विनंती केली ती हीच कीं, मारणाऱ्यांस सोडून द्यावें. सरकारनें तरीही खटला चालवून शिक्षा दिली, तो भाग निराळा. पुढें त्याच वर्षीं ऑगस्टांत सरकारनें शब्द फिरविला म्हणून नोंदणीपत्रांची होळी झाली, त्या सभेंत मीर आलम पुढें आला व त्यानें गांधींचा हात हातीं घेतला. हेच डोक साहेब पुढच्या वर्षीं गांधींचें पहिलें चरित्र लिहून प्रसिद्ध करते झाले. विलायतेंत विद्यार्थी असतां गांधींवर डोंगरावरील प्रवचनाचा खोल परिणाम झाला होता, हें त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेवलें आहे. तेव्हां पाळकाचें घर त्यांस परकें वाटलें नसल्यास नवल नाहीं.

१९१५ सालीं ते कायमचे स्वदेशीं आले. तेथून पुढची राजकीय हकीकत आम्ही गाळतों, कारण ती सर्वांस अवगत आहे. वऱ्हाडापुरतें मात्र थोडें सांगितलें पाहिजे. समुद्र शेंकडों मैल दूर असतां वऱ्हाडानें मिठाचा सत्याग्रह केला कसा, असें आमचे विद्यार्थी विचारतात. अकोला जिल्ह्यांतील दहीहांडा येथें खाऱ्या पाण्याच्या विहिरी आहेत; १९३० च्या एप्रिलांत तेथील पाणी आटवून मीठ काढण्यांत आलें. पुढें १९३३ च्या नोव्हेंबरांत अस्पृश्यतानिवारणासाठीं वर्ध्याहून जो देशव्यापी दौरा निघाला, त्यांत महात्माजी अमरावती व अकोला ह्या दोन्ही शहरीं येऊन गेले.

परंतु अकोल्याचा खरा संबंध ह्याहून जवळचा, म्हणजे सोयरिकीचा आहे. मशरूवाला हें गुजराथी कुटुंब अकोल्यास स्थायिक झालेलें होतें. त्यांतील किशोरलालभाई हे अकोल्यास वकिली करीत असत; १९१७ सालीं ती सोडून ते गांधीजींकडे गेले व साबरमतीच्या शाळेंत शिक्षक झाले. त्यांचे बंधु नानाभाई ह्यांची कन्या सुशीला. ६ मार्च १९२७ रोजीं अकोला येथें सुशीलाबाईंचा विवाह झाला तो गांधीजींच्या दुसऱ्या मुलाशीं, म्हणजे मघाशीं उल्लेख केलेल्या मणिलालांशीं. विवाहानंतर वऱ्हाडची ही कन्या समुद्र ओलांडून दर्बानजवळच्या फिनिक्स आश्रमांत गेली आणि पतीबरोबर गांधीजींनीं स्थापन केलेला छापखाना व ‘इंडियन ओपिनियन’ हें साप्ताहिक चालवूं लागली. टाइप जुळविण्यापासून सर्व कामें तिनें शिकून घेतलीं. अशा रीतीनें महात्माजींचे चिरंजीव अकोल्याचे जांवई झाले.

तिसरा प्रसंग पुण्याचा. २५ जून १९३४ रोजीं नगरपालिकेच्या मानपत्र-समारंभाच्या वेळीं एका मोटारीवर बाँब पडला. गांधीजींची मोटार मागून येत होती, म्हणून ते बचावले. दुसरीं कांहीं माणसें घायाळ झालीं. टाकणारा सांपडला नाहीं. गांधीजींनीं त्या अज्ञात इसमाविषयीं दयाच व्यक्त केली. ह्यानंतर थोड्याच दिवसांनीं जें घडलें तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. अजमीर येथें लालनाथ नांवाचे एक सनातनी गृहस्थ गांधीजींच्या विरुद्ध निदर्शन करण्यास आले असतां गांधीजींच्याच बाजूच्या लोकांनीं त्यांस मारून त्यांचें डोकें फोडलें. आपल्यावर बाँब टाकणाऱ्यास ज्यांनीं एक शब्दही कठोर लाविला नाहीं, त्यांनीं आपल्या अनुयायांच्या ह्या कृत्याबद्दल ऑगस्टांत वर्धा येथें सात दिवस उपवास केला. आपल्या नांवानें दुसऱ्यावर उगारलेली काठी त्यांस आपल्यावरील बाँबापेक्षां जास्त लागली.

आतां शेवटचा प्रसंग. देशाची फाळणी झाली होती. पंजाबांतून निर्वासितांचे लोंढे दिल्लींत येत होते, सूडाचा वणवा पेटला होता, आणि मुसलमानांचें जीवित व मशिदी सुरक्षित राहाव्या म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ह्या वृद्धानें १३ जानेवारी १९४८ पासून उपवास केला. सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनीं लेखी हमी दिल्यावर १८ तारखेस तो सोडण्यांत आला. २० तारखेस बिर्ला भवनांतील सायंप्रार्थनेच्या वेळीं जवळच स्फोट झाला. मदनलाल नांवाचा एक निर्वासित तरुण पकडला गेला. महात्माजींनीं प्रार्थना थांबविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं लोकांस सांगितलें कीं ह्या तरुणाचा द्वेष करूं नये, आणि पोलिसांनींही त्याचा छळ करूं नये. प्रार्थनेस येणारांची झडती घेण्याची सूचनाही त्यांनीं मानली नाहीं.

३० जानेवारीस, शुक्रवारीं, सरदार पटेलांशीं बोलणें लांबल्यामुळें त्यांस प्रार्थनेस थोडा उशीर झाला. पांच वाजून गेल्यावर मनु व आभा ह्या दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून ते हिरवळीवरून चालले असतां एक तरुण गर्दींतून पुढें आला, नमस्कारासाठीं वांकला, मनूस त्यानें बाजूस ढकललें आणि पिस्तुलाच्या तीन गोळ्या झाडल्या. तो पळाला नाहीं. त्याचें नांव नथुराम गोडसे. पुण्याच्या एका मराठी दैनिकाचा तो संपादक होता.

ह्या वेळीं मात्र मारणाऱ्यास सोडून द्या असें सांगण्यास महात्माजी उरले नव्हते. उत्तर इतरांनीं द्यावयाचें होतें.

पहिलें उत्तर मिनिटांत द्यावें लागलें, व तें ज्यांनीं दिलें त्यांचें चातुर्य आम्हांस विलक्षण वाटतें. गव्हर्नर-जनरल माउंटबॅटन बिर्ला भवनांत पोंचले तोंच गर्दींतून कोणी ओरडला कीं मारेकरी मुसलमान आहे. माउंटबॅटन ह्यांस खरें काय तें अजून ठाऊक नव्हतें. तरीही तो हिंदु आहे असें त्यांनीं ठासून सांगितलें. मुसलमान असल्याचें ठरलें असतें तर त्या रात्रीं देशांत काय झालें असतें, हें सांगण्याची गरज नाहीं. सहा वाजतां आकाशवाणीनें मृत्यूची वार्ता दिली तींतही मारेकरी हिंदु असल्याचें मुद्दाम सांगण्यांत आलें. नंतर पंडित नेहरू व सरदार पटेल देशास उद्देशून बोलले. त्या काळीं वऱ्हाडच्या शहरांत रेडिओ थोडेच होते. त्या रात्रीं पुष्कळ घरीं चूल पेटली नाहीं, असें आम्हीं वडील मंडळींच्या तोंडून ऐकलें आहे.

गांधीजींचे सर्वांत धाकटे चिरंजीव देवदास दिल्लींतच होते. तिसरे चिरंजीव रामदास नागपुरास राहत असत. ते विमानानें दुसऱ्या दिवशीं दिल्लीस पोंचल्यावर महायात्रा निघाली आणि यमुनेच्या कांठीं त्यांनींच अग्नि दिला. मणिलाल आफ्रिकेंत होते. त्यांस वडिलांचें अंत्यदर्शन घडलें नाहीं.

आतां जगाकडे वळूं. ज्या माणसापाशीं राज्य नव्हतें, फौज नव्हती, अधिकाराची जागा नव्हती, त्याच्यासाठीं संयुक्त राष्ट्रसंघाचा ध्वज अर्ध्यावर उतरविण्यांत आला. त्या दिवसांत सुरक्षा समितीपुढें काश्मीरचा तंटा चालू होता. वादी व प्रतिवादी दोन्ही राष्ट्रें समोर बसलेलीं असतां समितीच्या सभासदांनीं कामकाज बाजूस ठेवून श्रद्धांजलि वाहिली. परदेशांतून दिल्लीस तीन हजारांहून अधिक शोकसंदेश आले. त्यांत ज्यांच्या तुरुंगांत गांधीजींनीं वर्षेंच्यावर्षें काढलीं, त्या ब्रिटनच्या राजाचा व मुख्य प्रधान ॲटली ह्यांचा संदेश होता. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन, रोमचे पोप, कॅंटरबरीचे आर्चबिशप, तिबेटचे दलाई लामा, ह्यांचे होते. फ्रान्सचे लेऑं ब्लुम ह्यांनीं गांधीजींस कधीं पाहिलेंही नव्हतें. तरी घरचें माणूस गेल्यासारखें दुःख झाल्याचें त्यांनीं लिहिलें. पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल जिना ह्यांनींही दुखवटा कळविला, मात्र त्यांत गांधीजींची गणना हिंदु समाजाच्या थोर पुरुषांत केली. ज्यांनीं मुसलमानांच्या रक्षणासाठीं बारा दिवसांपूर्वीं उपवास सोडला होता, त्यांच्याविषयीं हे शब्द पुष्कळांस तोकडे वाटले, आणि आम्हांसही तसेंच वाटतें.

अशा वेळीं जगाचें दुःख एकसारखें दिसतें, परंतु दुःखापाठोपाठ संताप येतो. १८६५ सालीं अमेरिकेंत अध्यक्ष लिंकन ह्यांचा गुड फ्रायडेच्या रात्रीं खून झाला, तेव्हांही युरोपांतून शोकसंदेशांचा असाच पाऊस पडला. आणि त्याच आठवड्यांत सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत संतप्त जमावानें विरुद्ध पक्षाच्या वृत्तपत्रांचे छापखाने मोडून टाकले. आपल्या महाराष्ट्रांत काय झालें, हें आतां सांगितलें पाहिजे, जरी तें लिहितांना लेखणी अडखळते.

मारेकरी मराठी, व जातीनें ब्राह्मण, हें कळतांच मुंबई, पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूंस ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. शहरांत सुरू झालेला हा प्रकार खेड्यापाड्यांत पसरला. ज्यांनीं नथुरामाचें नांवही पूर्वीं ऐकलें नव्हतें, अशांचीं घरें, दुकानें, गंज्या जाळण्यांत आल्या. कोल्हापुरास भालजी पेंढारकर ह्यांचा चित्रपटांचा स्टुडिओ आगींत सांपडला. मुंबईस सावरकरांचे बंधु डॉक्टर नारायणराव ह्यांस दगडांनीं घायाळ करण्यांत आलें; पुढच्या वर्षीं ते वारले. वऱ्हाडाच्या शेजारच्या नागपुरांतही जमाव घरांवर चालून गेले. कित्येक कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्यांचें गांव सोडून गेलीं तीं परतलींच नाहींत. हें सर्व महात्माजींच्या नांवाचा जयघोष करीत चाललें होतें. वर्ध्यांतील तो सात दिवसांचा उपवास ज्यास आठवत असेल, त्यास ह्याहून अधिक कांहीं सांगावयास नको. बरें, ज्यांनीं आग लाविली ते सारेच शोकानें वेडे झालेले होते असेंही नाहीं. जुनीं वैरें, सावकारीचे राग, शेतीचे तंटे ह्यांनींही त्या दिवसांत हात शेकून घेतले.

त्याच दिवसांत निराळ्या रीतीनें वागणारींही माणसें होतीं. ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी ह्यांनीं प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचें उपोषण केलें. १२ फेब्रुवारीस प्रयाग येथें अस्थिविसर्जन झालें. अस्थि दिल्लीहून नेण्यासाठीं जी खास गाडी सोडण्यांत आली तिचे डबे तिसऱ्या वर्गाचे होते, कारण महात्माजी त्याच वर्गानें प्रवास करीत. त्याच दिवशीं वर्ध्याजवळ पवनार येथें धाम नदींतही त्यांच्या अस्थींचा अंश विनोबांच्या उपस्थितींत सोडण्यांत आला. मार्च महिन्यांत सेवाग्रामीं देशांतील कार्यकर्ते जमले. नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा, सर्वच होते. ‘हरिजन’ साप्ताहिक कांहीं आठवडे बंद पडलें होतें. तें एप्रिलांत पुन्हां निघालें, आणि संपादकाच्या जागीं अकोल्याचे जुने वकील किशोरलाल मशरूवाला बसले. दम्यानें जर्जर झालेल्या ह्या गृहस्थानें १९५२ च्या सप्टेंबरांत मृत्यु येईपर्यंत तें काम सोडलें नाहीं.

सरकारचें उत्तर कायद्याचें होतें. ४ फेब्रुवारी १९४८ रोजीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी घालण्यांत आली. ती १९४९ च्या जुलैंत उठली. दिल्लीच्या लाल किल्ल्यांत न्यायाधीश आत्माचरण ह्यांच्यापुढें खटला चालला. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं निकाल लागला: नथुराम गोडसे व नारायण आपटे ह्यांस फाशी, पांच जणांस जन्मठेप, आणि विनायकराव सावरकर निर्दोष. सिमला येथील अपिलांत जन्मठेपेच्या पांचांपैकीं दोघे सुटले. फाशीच्या शिक्षा मात्र कायम राहिल्या. आरोपीस वकील मिळाले, अपील मिळालें, आपलें म्हणणें तासन्‌तास मांडण्याची मुभा मिळाली. ज्या फेब्रुवारींत जमावानें निरपराध्यांचा न्याय रस्त्यावर केला, त्याच देशांत खऱ्या अपराध्याचा न्याय सव्वा वर्षाहून अधिक काळ रीतसर चालला, ही गोष्ट आम्ही लहान मानीत नाहीं.

आणि मग मणिलाल व रामदास ह्या दोघां बंधूंनीं एक विनंती केली. आपल्या वडिलांस मारणाऱ्याची फाशी रद्द करावी, असें त्यांनीं मागितलें. महात्माजी फाशीच्या शिक्षेच्या विरुद्ध होते, हें सर्वांस ठाऊक होतें. परंतु वडिलांचें तत्त्व मान्य असणें निराळें, आणि ज्यानें वडिलांस गोळ्या घातल्या त्याच्या प्राणांसाठीं सरकारच्या दारीं पदर पसरणें निराळें. नथुरामानें स्वतः दया मागितली नव्हती. त्याला पश्चात्तापही झालेला नव्हता. मीर आलम पुढें येऊन हात हातीं घेतो, तसें कांहीं येथें घडण्याची आशा नव्हती. आणि तरीही ही विनंती करण्यांत आली. रुस्तमजींच्या घरीं, बाहेर जमाव ओरडत असतां, आईजवळ असलेला चार वर्षांचा मुलगा आतां छप्पन वर्षांचा झाला होता.

विनंती मान्य झाली नाहीं. नेहरू, पटेल व गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी हे तिघेही महात्माजींचे जिवलग सहकारी. राजगोपालाचारींची तर कन्याच देवदासांस दिलेली. त्यांनीं ती नाकारली. त्यांस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. देश नुकताच रक्तांतून बाहेर आलेला, राज्य दोन वर्षांचें, आणि राष्ट्रपित्याच्या मारेकऱ्यास सूट दिली असतां लोक काय करतील ह्याचा भरवसा नाहीं. राज्यकर्त्यांस हें सर्व पाहावें लागतें. आमच्या वर्गांत ह्या प्रश्नावर मुलांमध्यें दरवर्षीं कडाक्याचा वाद होतो, दोन्ही बाजूंस हुशार मुलें असतात, आणि आम्ही निकाल देत नाहीं. १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाला तुरुंगांत दोघांस फाशी देण्यांत आलें.

मणिलालजी फिनिक्स येथें आपल्या कामांत राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें वर्णभेदाचे कायदे अधिकच कडक केले, तेव्हां १९५२ सालच्या कायदेभंगाच्या चळवळींत त्यांनीं भाग घेतला व पुन्हां तुरुंगवास पतकरला. ५ एप्रिल १९५६ रोजीं ते वारले. त्यानंतर अकोल्याच्या सुशीलाबाईंनीं ‘इंडियन ओपिनियन’ चें संपादन आपल्या हातीं घेतलें. पैशाची चणचण होती, वर्गणीदार कमी होत चालले होते, सरकारची दृष्टि वक्र होती. तरी १९०३ सालीं सुरू झालेलें तें पत्र त्यांनीं १९६१ पर्यंत चालू ठेवलें.